समोरचं घर: दोन, ठीक

सोमवार, ता. ४
सामान लागलं. पुस्तकांची दोन खोकी तेवढी उरलीत, ती धाकटी लावणार. मी लावली की तिला एकही पुस्तक सापडत नाही, असा तिचा जुना आरोप. जुन्या घरी चोरी झाली त्याला चार महिने झाले. तेव्हापासून आज पहिल्यांदा तिला शिट्टी वाजवताना ऐकलं. एवढ्यासाठी तरी घर बदलल्याचं सार्थक झालं.

गल्लीत सायकलींना कुलपं नाहीत. वस्ती समितीचे कार्यवाह निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. त्यांनी दारातच ऐकवलं की अकरा वर्षांत इथे एकही गुन्हा नाही, ना चोरी ना मारामारी. आता तुम्ही दोघी बहिणी भांडलात तरच आमचा आकडा बिघडायचा. धाकटी खळखळून हसली. समितीच्या कचेरीत नोंदी ठेवायचं माझं काम उद्यापासून सुरू.

बुधवार, ता. ६
काम अवघड नाही. दर रविवारी सकाळी दहाला प्रत्येक घरातल्यांनी रस्त्याकडच्या खिडकीत उभं राहायचं आणि समोरच्या खिडकीतली माणसं मोजायची. चिठ्ठीवर आकडा लिहायचा, पुढे ‘ठीक’. आपल्या घराबद्दल आपण लिहायचं नाही. का, असं विचारलं तर मास्तर म्हणाले, बाई, आपली पाठ आपल्याला दिसते का? चिठ्ठ्या जमवून वहीत उतरवायचं काम माझं. गुन्ह्यांचा रकाना वेगळा आहे. त्यात वरपासून खालपर्यंत शून्यं.

आमच्यासमोर शिंपीणबाई आणि तिचा नवरा. तो मोठा गमत्या दिसतो. धाकटी पडद्यांची मापं घेत होती, तर रस्त्यापलीकडून ओरडून म्हणाला, एवढे जाड पडदे कशाला, सासू येणार आहे का?

रविवार, ता. १०
समोरच्या घरासाठी ‘दोन, ठीक’ लिहिलं. खरं तर खिडकीत शिंपीणबाई एकटीच होती. नवरा आत असेल, असं मी धरून चालले. दिवसभर ते टोचत राहिलं. पाहिलं नाही ते लिहिलं, तेही पहिल्याच चिठ्ठीत. धाकटीला सांगितलं तर म्हणाली, ताई, तू चहाची पत्तीसुद्धा मोजून टाकतेस, तुला कोण काय म्हणणार! पण मोजून टाकते म्हणूनच ना?

रविवार, ता. १७
आज नीट पाहिलं. पूर्ण पाच मिनिटं. शिंपीणबाई एकटी. ती मला दोन बोटं दाखवत होती, आत कुठेतरी हात करत होती, पुन्हा दोन बोटं. तिचा चेहरा मला आवडला नाही. पण दिसलं एकच माणूस. ‘एक, ठीक’ लिहिलं. बरं वाटलं, हेही प्रामाणिकपणे इथे नोंदवते.

मंगळवार, ता. १९
शिंपीणबाईकडे गेले. यजमान कसे आहेत म्हटलं. तिनं विचारलं, कुणाचे यजमान? चेष्टा नव्हती. मशीनजवळ पुरुषाच्या चपला होत्या. तिनं चहाला दोघींसाठी तीन कप काढले आणि तिसऱ्याकडे बघत उभी राहिली. हे कुणाला काढलं मी, असं स्वतःशीच म्हणाली.

तडक मास्तरांकडे. त्यांनी काही लपवलं नाही. दहा-बारा दिवसांपूर्वी कुणीतरी त्याला जिन्यावरून ढकललं, बरगड्या मोडल्या, खिडकीपर्यंत येता येईना. मग गुन्ह्याच्या रकान्यात शून्य कसं? वर्गात समजावावं तशा आवाजात म्हणाले: ज्याला काही झालं तो खिडकीत येत नाही. खिडकीत नाही तो वस्तीत नाही. वस्तीत नाही, तर गुन्हा झाला कुणावर? आणि माझं अक्षर छान आहे म्हणाले.

मी लिहिलं. मी.

गुरुवार, ता. २१
मंगळवारी रात्रीच आमचं ठरलं होतं, महिनाअखेर इथून निघायचं. आज भर दुपारी, भाजी घेऊन येताना, धाकटीच्या गळ्यातली साखळी कुणीतरी मागून ओढली. मान कापली आहे. दुकानाशी पाच-सहा माणसं होती. ती म्हणते, त्यांनी बघितलं आणि मग आकाशाकडे बघायला लागली.

ती कोपऱ्यात बसून आहे. खिडकीकडे पाठ. रविवारी उभी राहा, पाच मिनिटं, मी धरते तुला, असं मी दहा वेळा सांगितलं. मान हलवते नुसती.

रविवार, ता. २४
नऊ पन्नासला तिला उठवलं. खिडकीपासून दोन पावलांवर ती खालीच बसली. मी ओढलं. ओढायला नको होतं. दहा वाजून गेले.

चिठ्ठ्या जमवल्या. शिंपीणबाईची: ‘एक, ठीक’. सूड म्हणावा तर तिला आठवतच नाही काही. तिला दिसलं ते तिनं लिहिलं.

सोमवार, ता. २५
दुकानदारानं धाकटीच्या अंगावरून हात पुढे करून मागच्या बाईला साबण दिला. ती दोनदा म्हणाली, मी आधी आले.

मी चिठ्ठीतला एक खोडून दोन केला. आयुष्यात पहिली खाडाखोड. मास्तरांनी पाहिलं, रागावले नाहीत. म्हणाले, बाई, वहीत आकडा कमी होतो. वाढत नाही.

बुधवार, ता. २७
बॅगा घेऊन निघालो. शेवटच्या दिव्याच्या खांबापलीकडे पाऊल टाकलं तर माझ्या मुठीत तिचा हात नव्हता. मागे आले तर तिथेच उभी, रडत. तीनदा केलं. तीनदा तसंच.

शुक्रवार, ता. २९
ताटं वाढली. एकच. मग आठवलं, मग दुसरं. ती बघत होती.

तिला साखर लागते की नाही? विचारायची लाज वाटली.

शनिवार
घरात शोधावं लागतं तिला. खुर्चीतच असते. आवाज येतो, पण रस्त्यापलीकडून आल्यासारखा. म्हणाली — ताई, माझ्याकडे बघ ना.

बघतच होते मी.

शनिवार, पुन्हा
वहीत आमच्या नावापुढे एक. फक्त एक. कोण ते कुठे लिहिलंय? रकानाच नाही तसा. अकरा वर्षांच्या चिठ्ठ्या चाळल्या — कुठेच नाही. समोरच्याला खिडकीत एक माणूस दिसलं की झालं.

रविवार, नऊ पंचेचाळीस
तिला सांगितलं, बरं वाटेल, जरा ऊन खा. मी मागे आहे. स्टूल ठेवलं खिडकीशी. बसली. मी तिच्या पाठीमागे फरशीवर, भिंतीला टेकून, रस्त्यावरून दिसू नये अशी. वही मांडीवर.

दहा
समोर शिंपीणबाई. धाकटी तिच्याकडे बघून हात हलवते आहे. तिनंही हलवला — तिला दिसली. दिसली!

धाकटीचा रंग परत येतोय. मानेवरची जखम लाल, स्पष्ट.

दहा वाजून सात
शिट्टी वाजवते आहे.

दहा वाजून —
हाक मारली तिला. शिट्टी थांबली. तिनं वळून सगळीकडे बघितलं, माझ्यावरूनही. कोण आहे, असं विचारते आहे. मी ओ दिली. मोठ्यानं दिली.

ती खिडकीतून समोर ओरडते आहे, घरात कुणीतरी शिरलंय, बाई, कुणीतरी बोलतंय — थरथरते आहे, पुन्हा तशीच थरथरते आहे, जुन्या घरातल्यासारखी — अगं मी, घाबरू नकोस, मीच, तुझी