रापणीचा वाटा

प्रिय गौरेश,

पाय कसा आहे? प्लास्टरमध्ये खाज सुटली की विणायची सुई आत खुपसतोस म्हणे. तुझ्या बायकोनेच, सायलीने, फोनवर चहाडी केली. तिचं ऐकत नाहीस, निदान डॉक्टरचं तरी ऐक रे बाबा! ट्रॉलरवर घसरून पाय मोडलास हे कळलं तेव्हा काळजात धस्स झालं. आणि लगेच मनात आलं, बरं झालं, मेला आता घरी तरी बसेल. मग देवापुढे कान धरले.

रागावलेय मी तुझ्यावर, लपवत नाही. बांगडा संपत चालला म्हणून मच्छीमार सोसायटीने यंदा सगळ्यांच्या पकडीला मर्यादा घातली, ते चांगलंच केलं. पण कोणाला किती हे ठरवताना तू भर सभेत उठून काय सांगितलंस? ज्याचं इंजिन मोठं, त्याचा वाटा मोठा! अरे, आपल्या रापणीला इंजिन कुठून आणू? होडी जाळं सोडून येते आणि दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. बाबांनी जन्मभर तेच केलं. तुझ्या हिशेबाने आम्हाला घरच्या हुमणापुरते, एका कालवणापुरते बांगडे उरतील. तुझंही घर ट्रॉलरवरच चालतं, मी काय आंधळी नाही. पण इथला वाटा संपला तर तुम्ही खोल दर्यात जाल, दुसरं काही शोधाल. आम्ही कुठे जायचं? मांद्र्याचा हा किनारा सोडला तर आम्हाला आहे काय?

त्या सभेनंतर वाटलं, सगळे मला टोचून खातील. कोणी अवाक्षर काढलं नाही. रापणीचे म्होरके, आपले तांडेल सगुणमामा तर रोज तुझ्या पायाचीच चौकशी करतात. त्यानेच मला जास्त लाज वाटते.

काल रापण लागली. कित्येक दिवस जाळ्यात नुसता कचरा यायचा, काल बांगडे आले, ताजे, फडफडणारे. दोर ओढून माझ्या हातांची सालं निघाली, पण जीव हरखला. मामांनी नेहमीसारखे वाळूवर वाटे घातले, जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. मग एक वाटा बाजूला काढला. रापणीच्या घरातलं कोणी अंथरुणाला खिळलं की त्याचा वाटा निघतो, तुला वेगळं सांगायला नको. बाबा आजारी असताना आपल्या दारात बाल्दी यायची ती अशीच. मी सहज विचारलं, कोण आजारी आहे? मामांनी तुझं नाव घेतलं.

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत मी म्हणाले, त्याला एक बांगडा देऊ नका, त्यापेक्षा कुत्र्यांना घाला! होय, तुझ्या सख्ख्या बहिणीने म्हटलं. मामांनी मला असं झापलं की सोय नाही. म्हणाले, भाग्यलक्ष्मी, रागावर वाटे घालायला लागलो तर ह्या गावात कोणाची चूल पेटेल गे? बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी पदर तोंडाला लावून तिथेच वाळूत बसले आणि रडले.

तेच बांगडे बर्फात घालून आपल्या गावच्या अक्षयच्या बसमधून तुझ्याकडे म्हापशाला पाठवतेय. मामांनी बजावलंय, बाजारातून घेतले म्हणून सांग. खरं कळलं तर रविवारी वाट्यांचं कायमचं ठरणार आहे त्या सभेत त्याची जीभ अडखळेल. त्याला जे पटतं ते त्याने बोलावं, वाटा म्हणजे काही लाच नव्हे. मीही बरं म्हणून मान हलवली. पण गौरेश, ती माणसं मोठ्या मनाची आहेत, मी नाही. म्हणून सांगतेय. तू ज्यांचा वाटा कापायला निघालास, त्यांनी तुझा काढून ठेवलाय. पोटभर जेव. आणि मग रविवारी सभेत जे बोलायचं ते बोल.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
ताई