हात कुठवर जातो

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी आता राहात्यात फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करते. कुणी मोटरसायकलवरून पडून गळ्याखालचं हाड मोडून घेतलेलं असतं, कुणाचा खांदा शुगरमुळे धरलेला असतो. प्रत्येकाला भिंतीसमोर उभं करून सांगते, 'हात वर करा, जातो तेवढा.' आणि प्रत्येक वेळी वाटतं, माझ्या मागे तुम्ही उभे आहात. मी वळून बघत नाही.

मी आठवीत होते. जामखेडच्या शाळेचं मैदान, माती कमी नि खडेच जास्त. कबड्डीची तालुका स्पर्धा चार दिवसांवर आलेली. सरावात मी डाव्या खांद्यावर पडले आणि तुमच्याकडे येऊन म्हणाले, "सर, लई दुखतंय." तुम्ही शिट्टी तोंडातून न काढताच म्हणालात, "नाटकं करू नको. खांदा झटक आणि जा आत." पोरी हसल्या. मी आत गेले. पुढच्याच चढाईत दोघी माझ्या अंगावर पडल्या आणि हाड मोडलं. तो आवाज मला कानांत नाही, दातांत ऐकू आला.

तुमचा चेहरा पांढरा पडला होता. मोटरसायकलवर तुम्ही, मधे मी, मागून मला धरून शिवणाच्या बाई. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. हाडाचे दोन तुकडे एकमेकांवर चढलेले. "या वयात ऑपरेशनची गरज नाही, जुळेल," ते म्हणाले. दोन्ही खांदे मागे ओढून आठच्या आकड्यासारखा पट्टा बांधला, हात झोळीत अडकवला.

मग तुम्ही दर रविवारी घरी यायला लागलात. खाटेच्या कडेला बसायचात, चहा तसाच निवायचा. आई म्हणायची, "सर, तुमी काय मुद्दाम केलं व्हय? पोरीचं कवळं हाड हाय, जुळंल की." आणि हाड जुळलंही. सहा आठवड्यांनी पट्टा सुटला. मी न्हाणीमागच्या भिंतीवर बोटं चढवत रोज व्यायाम केला. एका शनिवारी दंड कानाला टेकला. मी एकटीच हसले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. खाटेवर बसला आहात, पुढे वाकून. "हात वर कर बाळ, बघू." मी हात उचलते. खांद्याच्या रेषेपर्यंत आणते आणि थांबवते. ओठ चावते. "आई गं," म्हणते. तुम्ही मान वळवून दाराबाहेर बघता. त्या वेळी मला जे वाटलं ते आनंदासारखंच होतं, सर. तुम्ही मला नाटकी म्हणाला होता ना.

नंतर थांबता आलं नाही. वर्गात, प्रार्थनेला, तुम्ही दिसलात की हात अर्ध्यावर. जूनमध्ये तुम्ही मुख्याध्यापकांना सांगून कबड्डी सोडली. मुलींचा संघ मोडला. खेळाच्या तासाला तुम्ही वर्गातच बसून राहायचात. मी शाळा सोडेपर्यंत शिट्टीचा आवाज पुन्हा ऐकला नाही.

गेल्या महिन्यात तुमच्या पत्नी माझ्याकडे आल्या. लेकीकडे राहायला आल्यात, उजवा खांदा धरलाय, वेणी घालता येत नाही. कागदावर नाव-गाव वाचून मी ओळख सांगितली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हंजी ती तू? अगं, सर शेवटच्या दुखण्यातबी इचारत हुते, त्या पोरीचा हात वर जातो का गं आता? मला काय ठावं? जातो का?"

त्यांचा हात माझ्या हातात होता. खरं सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी म्हणाले, "जातो काकू, बऱ्यापैकी."

त्या अजून दोन आठवडे यायच्या आहेत. हे पत्र त्यांच्या हाती देता येईल, आणि मी देणार नाही. त्यांना त्रास होईल म्हणून नाही. परवा जाताना त्या माझ्या गालावरून हात फिरवून गेल्या, आणि उद्याही त्यांनी तसंच करावं असं मला वाटतं.