नव्या डिस्कच्या मंद गतीविषयी भाऊजींना

तीर्थस्वरूप भाऊजींना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार.

घरात फोन असताना हा माणूस पत्र कशाला लिहितो, असं आपल्या मनात येईल. फोनवर आपण माझं पहिलं वाक्य पुरं होऊ देत नाही (ही तक्रार नव्हे, माझी पहिली वाक्यं लांबच असतात), आणि मला जे सांगायचंय ते शेवटी आहे. आपला गुडघा कसा आहे? पट्टा बांधता, की नुसता खुंटीला टांगून ठेवलाय? ताईचा खोकला गेला का? इकडे आम्ही दोघं ठीक. हिची मान धरली होती, ती सुटली. माझी मान मात्र गेले काही दिवस खाली गेलेली आहे, आणि त्याचीच ही हकिकत.

माझा जुना कॉम्प्युटर अकरा वर्षं सेवा करून गेला, हे आपण जाणताच. जाताना त्याच्या पडद्यावर एका निवृत्त बसचालकाच्या आईचा अर्धा चेहरा होता. माझा धंदाच तसा. लोक फाटलेले, भिजलेले, किड्यांनी खाल्लेले फोटो आणतात आणि मी ते स्कॅन करून एकेक ठिपका भरत बसतो. या गृहस्थांकडे आईचा एवढा एकच फोटो. छप्पर गळलं तेव्हा तिचा डावा गाल आणि डोळा धुऊन गेला. ते रोज सकाळी अकराला येतात, दाराजवळच्या स्टुलावर बसतात, टोपी गुडघ्यावर ठेवतात आणि विचारतात, "आई कुठवर आली?" फाईल तेवढी बचावली होती, पण तिच्यावर काम करायला यंत्र हवं. म्हणून नवं यंत्र. सुटे भाग आणून मीच जोडायचं ठरवलं, ते आपल्या भरवशावर. चौतीस वर्षं अख्ख्या गावाला पंपाने पाणी चढवलेल्या माणसाला एक डिस्क बसवणं म्हणजे काय मोठंसं!

डिस्क म्हणजे बोटाएवढी पट्टी. खोक्यावर लिहिलं होतं, सेकंदाला सात हजार एमबी. मदरबोर्डवर ती बसवायला दोन स्लॉट होते, एक वर प्रोसेसरला लागून, एक खाली. मी आपल्याला फोन लावला. आपण म्हणालात, "वर ठेवलीस तर प्रोसेसरच्या शेजारी तापेल. खाली घाल, मोकळी हवा आहे." मी खाली घातली. तिच्यावर उष्णता शोषायचा एक पत्रा असतो, त्याला आतून मऊ गादी असते. तोही स्क्रूने आवळला. (त्या वेळी ही बाजूला बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "ती पुस्तिका आलीय सोबत, ती एकदा वाचा की." मी म्हटलं, भाऊजी आहेत. ती पुढे काही बोलली नाही. तीस वर्षांच्या संसारात तिचं न बोलणं मला ओळखता यायला हवं होतं.)

वेग मोजला, तर सतराशे. मिनिटभराने तीनशे. मग तीनशेच. बसचालकांच्या आईची फाईल उघडायला घेतली, की आधी पदर यायचा, मग हनुवटी, मग बराच वेळ कोणीच नाही. ते स्टुलावरून बघत म्हणाले, "गाडी पहिल्याच गिअरमध्ये चाललीय साहेब." त्यानंतर आपण फोनवरून जे जे सांगितलंत ते ते मी केलं, याला ही साक्षीदार आहे. विंडोज दोनदा पुसून पुन्हा घातली. व्हायरस शोधला, मिळाला नाही; मिळाला असता तर बरं वाटलं असतं. वायर बदलली (या डिस्कला वायर नसते, हे मला नंतर कळलं, मी बदलली ती पंख्याची होती). यंत्र खिडकीपासून लांब नेलं, मग खिडकीजवळ आणलं, शेवटी दोन विटांवर ठेवलं. शेवटी आपण निकाल दिलात, की माल खोटा आहे, दुकानदाराने गंडवलं.

दुकान एका बाईंचं आहे. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. घड्याळजीसारखं भिंग कपाळावर सरकवून बसतात. त्यांनी माझी डिस्क स्वतःच्या यंत्रात लावली. सहा हजार नऊशे. मला म्हणाल्या, "कुठे बसवली होती?" मी म्हटलं, "जिथे बसवतात तिथे." भाऊजी, हे उत्तर मी का दिलं, हे मला आजही सांगता येणार नाही. 'खाली' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. पण मी जाणकार गिऱ्हाईक म्हणून ताठ उभा होतो, आणि जाणकाराला कुठे बसवलीत हे विचारणं मला लागलं. त्यांनी डिस्क बदलून दिली. दुसरीही तशीच रडली. मग मी तिसऱ्यांदा गेलो, दुकानात चारपाच माणसं होती, आणि त्यांच्यासमोर मोठ्याने म्हणालो, "तुम्ही खोटा माल विकता." एक गिऱ्हाईक हातातला कीबोर्ड खाली ठेवून निघून गेलं. बाईंनी भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. म्हणाल्या, "तुमचा पत्ता लिहून द्या. मी येते."

त्या गुरुवारी दुपारी दुकान बंद ठेवून आल्या. सोबत स्वतःचा स्क्रूड्रायव्हर. बसचालक अकरापासून स्टुलावर होतेच. ते उठून उभे राहिले. बाईंनी झाकण काढलं, आत पाहिलं आणि जेमतेम तीन सेकंदांत (मी मोजले, त्या दिवसांत मला सेकंद मोजायची सवय लागली होती) म्हणाल्या, "खाली बसवलीय होय. या बोर्डवर खालचा रस्ता अरुंद असतो. डिस्क कितीही पळणारी असो, रस्ता देईल तेवढंच." ही आतून पुस्तिका घेऊन आली. पान नऊ. चित्रासकट. मग त्यांनी तो पत्रा काढला, उलटा केला, आणि गादीवरून नखाने एक पारदर्शक पापुद्रा सोलला. त्यावर चार भाषांत छापलं होतं की बसवण्याआधी हा काढावा. तो राहिल्यामुळे उष्णता पत्र्यात जात नव्हती, डिस्क तापायची आणि जीव वाचवायला सावकाश चालायची. वरच्या स्लॉटमध्ये बसवून मोजलं. सहा हजार नऊशे पन्नास. बसचालकांच्या आई पदरासकट एका क्षणात पडद्यावर हजर.

बाई मला एक शब्दही टाकून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी वाद घातला असता. मला तो येतो. हिने चहा केला. चहा घेता घेता बाईंनी फोन पुढे केला आणि विचारलं, "हे गृहस्थ तुमच्या ओळखीचे आहेत का? माझ्या बिलांत हे नाव कुठे सापडत नाही." त्यांच्या दुकानाबद्दल इंटरनेटवर कोणीतरी अभिप्राय लिहिला होता. पाचापैकी एक तारा, आणि खाली अकरा ओळी. 'लुबाडणूक' हा शब्द दोनदा. एक्केचाळीस जणांना तो उपयुक्त वाटला होता. एका शाळेने त्यांना वीस कॉम्प्युटर सांगितले होते, ते मुख्याध्यापिकांनी हे वाचून थांबवलेत. महिनाअखेरच्या सोमवारच्या बैठकीत काय ते ठरणार. बाई हे सगळं जाहिरात वाचावी तसं सपाट आवाजात सांगत होत्या.

त्या अकरा ओळींच्या वर, भाऊजी, आपलं नाव होतं.

मी बाईंना आणखी चहा विचारला. आपण मनाला लावून घेऊ नये. माणूस आपल्या माणसाच्या कळवळ्याने रागात काहीतरी लिहून जातो. माझ्या मनात आपल्याविषयी तिळमात्र किल्मिष नाही, ना त्या स्लॉटबद्दल, ना ताऱ्याबद्दल.

बसचालकांच्या आई शनिवारी पूर्ण झाल्या. उजव्या डोळ्यावरून डावा केला, गाल भरला. त्यांनी फोटो हातात घेतला, खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला. मी उशिराबद्दल माफी मागितली. म्हणाले, "उशीर कसला हो? पन्नास वर्षं थांबलो, अजून थांबलो असतो." मग टोपी घालून गेले. काल अकराला मी उगीचच दाराकडे पाहिलं.

ताईला नमस्कार. गुडघ्याचा पट्टा बांधत जावा.

आपला आज्ञाधारक,
धाकटा मेहुणा

ता. क. तो अभिप्राय त्या बैठकीच्या सोमवारच्या आत काढला, तर बाईंवर उपकार होतील. दोन मिनिटांचं काम आहे.

ता. क. २. आपण तो कुठे शोधणार, आणि का, असा प्रश्न आपल्याला पडेल. तेव्हा सांगून टाकतो. तो मी लिहिला. मागे निवृत्तिवेतनाचा फॉर्म भरायला आपण मला आपल्या ई-मेलचा पासवर्ड दिला होतात, तो माझ्या वहीत होता. माझ्या नावाने लिहिलं असतं तर बाईंनी ओळखलं असतं. त्यानंतर आपल्या खात्यात कोणीतरी परका शिरल्याची सूचना आली म्हणून आपण घाबरून मला फोन केलात. तो परका मीच. 'ताबडतोब पासवर्ड बदला आणि कोणालाही सांगू नका' हा सल्लाही माझाच. आपण तो तंतोतंत पाळलात, आणि आता मला आत जाता येत नाही. उद्या मी बाईंकडे जाऊन हे तोंडाने सांगणार आहे. पण तोंडाने सांगून तारा निघत नाही.

ता. क. ३. ताई, घरातलं सगळं टपाल तूच फोडतेस, म्हणून हे मुळात तुलाच लिहिलंय. नवा पासवर्ड तुझ्या वाणसामानाच्या वहीत मागच्या पानावर असणार. आजच कळव. आणि दुसरा नि हा तिसरा ताजा कलम तेवढा कापून मग पत्र त्यांच्याकडे दे.