फ्रेममध्ये नडणारा कडुलिंब

८ डिसेंबर, पहाटे ५.१०
आजपासून रोज चारला उठणार. (आज पाच झाले, पण पहिलाच दिवस आहे.) टार्गेट: शिवलिंगअप्पांच्या कॅलेंडरचं जानेवारीचं पान. अप्पांचं माकणीत खताचं दुकान आहे, कॅलेंडर अख्ख्या तालुक्यात जातं. गेल्या जानेवारीला पानावर फवारणीचा पंप होता. यंदा मी काढलेला हिवाळ्याचा फोटो असणार. आमचं रान, मागं धरणाचं पाणी, पाण्यावर धुकं. तिथून पुढं पुणे, दिल्ली, बाहेरचे देश. सगळं डोळ्यांसमोर दिसतंय.

८ डिसेंबर, सकाळी ९
धुकं होतं. रणधीरचं कुत्रंही होतं. पोटरीला चार दात. रणधीर हसत उभा. ह्याला एक दिवस ट्रायपॉडनं फोडणार आहे.
रणधीर म्हणजे दगडोबा तात्यांचा पोरगा, तात्या म्हणजे आण्णांचे, माझ्या वडिलांचे, सख्खे धाकटे भाऊ. दोघांच्या रानामध्ये एक बांध, बांधावर एक कडुलिंब. तात्या दरवर्षी नांगरताना बांध कोरतात, आण्णा दरवर्षी काठी घेऊन जातात. अकरा वर्षांत दोन डोकी फुटली, एक दात पडला. दात आण्णांचा. आण्णा म्हणतात, ह्यो लिंब उभा हाय तवर दगड्याच्या बापाला बी बांध सरकत न्हाय. दगड्याचा बाप म्हणजे आण्णांचाही बाप, पण हे त्यांना कोण सांगणार.
मी असल्या भाऊबंदकीत नाही. आर्टिस्टला बांध नसतो.

१२ डिसेंबर
ढगाळ. सलग तिसऱ्या दिवशी धुकं नाही. निसर्गाच्या भरवशावर राहणं हा अमॅच्युअरपणा. ओलं पाचट पेटवून धूर केला. इफेक्ट अप्रतिम. मग वारा फिरला. आण्णांनी आधी कडब्याची गंजी विझवली, मग मला चपलेनं मारलं. सहा. आई मधे पडली, तिलाही एक बसली.
निश्चय: ह्यापुढं फक्त नॅचरल लाइट.

१७ डिसेंबर, सकाळी ७.३०
मिळाला! सहा अठ्ठावन्नला. पाण्यावर धुकं, ज्वारीवर दव, सूर्य अगदी कोवळा.
फक्त बरोब्बर मधोमध तो कडुलिंब. आणि त्याच्या पायाशी आडवा बांध, पोटावरच्या ऑपरेशनच्या टाक्यांसारखा. फ्रेमचा सत्यानाश. इतका राग आला की कॅमेरा सोडून झाडाला लाथ घातली. अंगठ्याचं नख गेलं.

१८ डिसेंबर
आज कत्तल. तीन विजेचे खांब उडवले. पाण्याच्या मोटारीचं खोपट जमीनदोस्त. तात्यांची म्हैस कापली, शिंगांपासून सुरुवात केली. आणि शेवटी कडुलिंब. फांदी फांदी तोडून, मुळासकट. काय मजा आली, लिहिता येत नाही. बांध घासून सपाट केला आणि त्यावर आमचीच ज्वारी कॉपी करून पेरली. फोटोत थंडी कमी वाटत होती म्हणून निळा रंग वाढवला.
आता दोन्ही रानं एकच दिसतात. कुठलं कोणाचं, काही कळत नाही. बघताना फार शांत वाटतं.

२२ डिसेंबर
शिवलिंगअप्पांना फोटो दाखवला. चष्मा लावून म्हणाले, ह्ये कुठलं काश्मीर? मी म्हणालो, माकणी. म्हणाले, लई ग्वाड दिसायलंय की, पर एका कोपऱ्यात खताचं पोतं पायजे. मी टेबलावर मूठ आपटली. मरेन, पण माझ्या फ्रेममध्ये पोतं येऊ देणार नाही, असं स्पष्ट सुनावलं. म्हणाले, मग पंप टाकतो.
पोतं डाव्या कोपऱ्यात बसवलं. लहान दिसतं.

१ जानेवारी
कॅलेंडर आलं. आईनं देव्हाऱ्याशेजारी लावलं. आण्णा जेवता जेवता बघत राहिले. हात ताटातच. मला वाटलं, भारावले.
मग म्हणाले, लिंब कुठाय?
मी अर्धा तास क्लीन फ्रेम समजावली. म्हणाले, त्ये ऱ्हाऊ दे, बांध कुठाय? मी म्हणालो, बांधानं बघणाऱ्याची नजर अडते. त्यांनी तांब्या फेकला. कानाला लागला. कान सुजलाय, डाव्या बाजूनं अजून नीट ऐकू येत नाही.
निश्चय: घरात कुणालाही आर्ट समजावायची नाही.

४ जानेवारी
बघा, कदर कुठून येते ते! अप्पा सांगत होते, तात्यांनी सहा कॅलेंडरं नेली. सहा! सख्खा बाप तांब्या फेकतो आणि चुलता सहा नेतो. संध्याकाळी हॉटेलात रणधीर स्वतः उठून आला, हात मिळवला, चहा पाजला. म्हणाला, ह्यावर तारीख हाय का? मी दाखवली, खाली बारीक अक्षरात: माझं नाव, माकणी, १७ डिसेंबर. म्हणाला, एक सही कर की भावा. मी केली, इंग्रजीत, खाली रेघ ओढून. आयुष्यातला पहिला ऑटोग्राफ.
ट्रायपॉडनं फोडायचा विचार मागे घेतला.

७ जानेवारी
आण्णा उसाचा ट्रॅक्टर घेऊन ढोकीला कारखान्यावर गेले होते. अकरा वाजता तात्या आणि रणधीरनं खोदायचं मशीन लावून लिंब मुळासकट पाडला. मग त्यावरून ट्रॅक्टर घातला आणि बांध नांगरून टाकला. आई एकटी खुरपं घेऊन आडवी गेली. रणधीरनं ढकलली, मनगट मोडलं. आण्णा आले ते थेट रानात. काठ्या, दगड, शेवटी कोयता. आण्णांच्या डोक्याला चौदा टाके. तात्यांची दोन बोटं तुटता तुटता राहिली.
मी ट्रायपॉड घेऊन धावलो. रणधीरनं तो हिसकावला आणि मला त्यानंच मारलं. ट्रायपॉड दणकट निघाला.

८ जानेवारी
पोलीस ठाणं. आण्णा डोकं बांधून, तात्या हात बांधून. तात्यांनी टेबलावर कॅलेंडर ठेवलं. म्हणाले, सायेब, बघा, कुठाय बांध, कुठाय झाड? म्या काय तोडलं? ह्यांच्याच पोरानं काढलंय, तारीख हाय, सही हाय.
जमादारांनी बराच वेळ बघितलं. म्हणाले, फोटो एक नंबर आहे. मी थँक्यू सर म्हणालो.
आण्णांनी माझ्याकडं बघितलं.
मग मी सगळं सांगितलं. खांब, खोपट, म्हैस, लिंब. जमादार म्हणाले, पाडलेलं लाकूड तर ह्यांनी उचलून नेलंय. मूळ फोटो आण, त्यात बांध दिसला की तुझ्या बापाचं काम झालं. सोपं आहे.

९ जानेवारी, सरकारी दवाखाना
सोपं नाही. मूळ फोटो मी केव्हाच डिलीट केलाय. लॅपटॉपवर जागा नव्हती. सकाळपासून तीन सॉफ्टवेअरं लावून बघितली. म्हैससुद्धा मिळाली नाही.
आण्णांना सांगितलं. खाटेवर पडून होते, आई शेजारी, प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवलेला. वर हेही म्हणालो की काळजी करू नका, मी झाड परत बसवून देतो, ओळखू येणार नाही, म्हणाल तेवढं उंच.
आण्णा म्हणाले, तुझ्या आज्यानं लावलं हुतं, दगडू जन्मला त्या साली. मला हे माहीत नव्हतं. मग म्हणाले, रणधीरला मशिनीनं धा मिंटं लागली म्हणं. तुला किती लागली रं?
मी म्हणालो, चाळीस.
त्यांनी मारलं नाही. कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. मी खाटेजवळ बराच वेळ उभा राहिलो, आता तरी मारतील म्हणून. शेवटी आई म्हणाली, जा, बाहीर बस.