डाव्या नटावरची लाल रेघ

प्रिय ऋचा,

शनिवारी तू फोनवर विचारलंस की स्पितीला जायला सायकल कुठली घेऊ, आणि मी “नंतर सांगते” म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, आईला तुझं जाणं पसंत नाही. तसं नाही. तू इथे हिंदीत शिकलीस, तुला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून मोठ्या अक्षरात लिहितेय. सावकाश वाच.

सायकल स्टीलचीच हवी. दुकानदार अ‍ॅल्युमिनियमची हलकी म्हणून दाखवेल, पण खडीच्या रस्त्यावर फ्रेम तडकली तर स्टीलला कुठल्याही गावातला वेल्डिंगवाला टाका मारतो. चाकाला छत्तीस आरे, टायर रुंद, आणि पायडलजवळची एक दातेरी चकती अगदी लहान, सामानासकट चढ चढायला. मागचं कॅरिअरही स्टीलचं. तुझे बाबा म्हणायचे, “वजन पाय ओढतील, मोडलेलं कोण ओढणार?” कारखान्यातला माणूस, वजनापेक्षा मजबुतीवर भरवसा.

हे सगळं मी कुठे शिकले, तुला ठाऊक आहे. माझी शाळा आठवीत सुटली. बाबांची सायकल दुरुस्तीची इंग्रजी पुस्तिका शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली, दोन महिने लागले. मग चेन धुणं, आरे ताणणं माझ्याकडेच आलं. बाबा चिडवायचे, “मिस्तरीबाई, आमचा नंबर कधी?” नट आवळला की त्यावरून फ्रेमपर्यंत नेलपॉलिशची रेघ ओढायची, हेही त्यातलंच. नट जरा फिरला तरी रेघ तुटते, लांबूनच दिसतं. पूर्ण आवळल्याशिवाय रेघ ओढायची नाही, हा माझा नियम. माझ्या भाचीच्या, सईच्या लग्नात घेतलेली लाल बाटली त्यातच संपत आली. बोटांना कधी लागलीच नाही.

आता जे सांगितलं नव्हतं ते. बाबा सायकलने टहरौली गावाकडे निघाले त्या सकाळी मी कॅरिअरचे नट आवळत होते. उजवा झाला. डाव्याला पाना लावला आणि खालून हाक आली, “भाभीजी, सिलेंडर!” मी खाली गेले. वर आले तर बाबांनी पिशव्या अडकवून सायकल दारात आणलेली, नट पिशवीमागे झाकलेले. डावा नट पुरा आवळला की नाही, मला आठवेना. उशीर होत होता, म्हणून बोलले नाही. दुपारी बाबा रस्त्यात पडून गेल्याची बातमी आली. अपघात झाला तिथला चहावाला मला म्हणाला, “भाभीजी, नीलगाय सामने आ गई थी, भैया क्या करते?” पण पिशवी मागच्या चाकात अडकली होती, असंही तोच म्हणाला. मी तेवढंच धरून बसले. नट निघाला, कॅरिअर कलंडलं, पिशवी चाकात गेली. नीलगाय तो माझ्या समाधानासाठी सांगत असेल.

तीन वर्षं हे कुणाला बोलले नाही. तू बाबांची सायकल मागितलीस तेव्हा भंगारात दिली म्हणाले. ते खोटं होतं. ती मागच्या खोलीत जुन्या चादरीत गुंडाळून उभी आहे. मी त्या खोलीत झाडायलाही जात नव्हते.

काल गेले, कारण तुला कॅरिअरची मापं कळवायची होती आणि ती दुसरीकडे कुठे मिळणार? चादर काढली. पुढचं चाक आणि त्याला धरणारा चिमटा वाकलाय. पिशवीचा हूक तुटून लोंबतोय. डाव्या नटावर चिखल वाळला होता. रॉकेलच्या फडक्याने पुसला. ऋचा, लाल रेघ होती. नटावरून फ्रेमपर्यंत, अखंड. मी तो आवळला होता आणि तो जागचा हलला नव्हता. आधी नीलगाय आली, धडकेत हूक तुटला, मग पिशवी चाकात गेली; चहावाला खरं बोलत होता.

तिथेच फरशीवर बसले. शेजारच्या सरलाताई भाजीला बोलवायला आल्या, मला हसताना पाहून घाबरल्या. मग लक्ष्मी गेटच्या बाजारापर्यंत दोघी चालत गेलो. बाबा नाहीत ते नाहीतच, ते रोजचं आहे. पण काल मला भूक लागली, चांगली कडकडून.

तर हे पत्र सायकल कुठली घ्यावी यासाठी नाही. घेऊच नकोस. ही तुझी आहे. चाक आणि चिमटा नवा लागेल, टायर, केबल, चेन बदलावी लागेल, फ्रेम वेल्डिंगवाल्याला दाखवू. होळीला ये, दोघी मिळून खोलू. डाव्या नटाला मी हात लावलेला नाही, तो तू सोडव आणि तूच परत आवळ. बाटली मात्र वाळली आहे. येताना नवी आण, लालच.

हात अजून ग्रीसने काळे असलेली,
तुझीच
आई