डावीकडच्या माणसासाठी

शुक्रवार, संध्याकाळ. भूगाव.

आज प्रार्थनासभा आमच्याकडे होती. पाळक म्हणाले, डावीकडच्या माणसाचा हात धरा आणि त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करा. माझ्या डावीकडे नेमकी धाकटी जाऊ, मेरी. समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते, पण महिनाभर आमचं बोलणं नाही. हात धरला तर चांगलाच गरम लागला. तरी मी आपलं सुरू केलं, "प्रभू, हिला नम्र कर, हिच्या जिभेला आवर घाल." सगळे "आमेन" म्हणाले. तीसुद्धा!

सगळे गेल्यावर कपबशा विसळताना तो गरम हातच आठवत राहिला. मी प्रार्थना केली, की चारचौघांत तिची तक्रार? शेवटी जाऊन तिचं दार वाजवलं.

"तुझ्यासाठी काय मागू?" विचारलं.

ती दारालाच टेकली. "ताप उतरत नाही, ताई. झोप तेवढी मागा."

तिथेच पुन्हा हात धरला. "प्रभू, मेरीला झोप दे." पुढे काही सुचेना. तो देईल असं मनापासून वाटलं, म्हणून उगाच वाढवलंही नाही.

आमेन म्हणून झालं तरी तिने हात सोडला नाही. मीही.