चित्रातली बाई माझी ताई आहे

मी, संग्रहालयाच्या छापचित्र विभागातला निवृत्त कार्डलेखक, वय ब्याऐंशी, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दडपणाखाली नसताना, माझ्यामागे काय कुणाचं ते लिहून ठेवतो.

१. राहतं घर व बँकेतली ठेव मुलीला. व्यवस्थाही तिनेच पाहावी.

२. छत्री मेहुण्याला. त्याने ती केव्हाच नेली आहे. निदान आता चोरीची राहणार नाही.

३. चित्रांभोवतीचे पुठ्ठे कापायच्या सुऱ्या विभागातल्या नव्या बाईंना. धार लावलेली आहे, बोटं सांभाळावीत.

४. कपाटातल्या वहीत बोटभर रुंदीची कागदाची पट्टी आहे. ती माझी नाही, माझ्या थोरल्या बहिणीची आहे. ताई शिळाछापखान्यात दगड घासायची. तिच्या पगारावर मी शिकलो. एका दगडावर तिने आरशात बघून स्वतःचं चित्र काढलं. मालकांनी एकच प्रत छापली. खालच्या समासात ताईने पेन्सिलीने आपलं नाव आणि 'आरशात बघून काढलं' असं लिहिलं. मालक वारल्यावर ती प्रत देणगीत आली, नेमकी माझ्या टेबलावर. माझं लग्न ठरत होतं. होणारे सासरे संग्रहालयाचे विश्वस्त, आणि बहीण शिक्षिका आहे अशी थाप मी त्यांना मारून बसलो होतो. चित्र चौकटीत बसत नाही असं नोंदवून मी समास कापला. चित्र बसत होतं. कार्डावर लिहिलं: 'अज्ञात स्त्री. चित्रकार: छापखान्याचे मालक.'

प्रदर्शनात ताईने ते कार्ड वाचलं. शेजारी माझी बायको उभी होती. ताई एवढंच म्हणाली, "अक्षर छान आहे रे तुझं." पुन्हा कधी तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि मी चाळीस वर्षं तिच्या हातचं जेवत राहिलो. मला लाज वाटते. तोंडाने सांगवत नाही म्हणून कागदावर सांगतोय, याचीही वाटते.

माझ्या मृत्यूनंतर मुलीने पट्टी विभागात द्यावी, कार्ड बदलून घ्यावं आणि ताईची माफी मागावी.

टीप: ताईला वाचून दाखवल्याशिवाय सही करणार नाही, असं दोन्ही साक्षीदार अडून बसले. म्हणून आम्ही तिच्याकडे आलो. तिने चष्मा पुसत सगळं ऐकलं. म्हणाली, "माफी मागायला पोरीला पाठवणार होतास? आणि तू मरेपर्यंत मी थांबायचं? अठ्ठ्याऐंशीची आहे मी. ऊठ, पाचला संग्रहालय बंद होतं."

सबब कलम ४ मधले 'माझ्या मृत्यूनंतर मुलीने' हे शब्द खोडून वर 'आज मी' असं लिहिलं आहे. खाडाखोड माझ्या हातची आहे.

साक्षीदार: शेजारचे डॉक्टर, निवृत्त पोस्टमास्तर
सही: धाकटा भाऊ
ठिकाण: ताईचं स्वयंपाकघर
तारीख: ९ मार्च, दुपारी सव्वातीन